बिनदाराच्या घरची नटी

भागीचा पिक्चर चालला तेव्हापासून आमच्याकडे कॅमेरेवाल्यांची रीघ लागली आहे. शनिवारी देवाला गर्दी, बाकीच्या वारी आम्हाला. सगळ्यांचा प्रश्न एकच, भागिरथीताई अभिनय कुठे शिकल्या? मी सांगते, कुठे शिकली ते तिलाच विचारा. पण ती घरातून का गेली आणि परत कशी आली ते मला ठाऊक आहे, आणि ते तुमच्या दोन मिनिटांत मावायचं नाही. मग ते हसतात, चहा पितात आणि आमच्या चौकटीचा फोटो काढून निघून जातात. म्हटलं, आपणच एकदा नीट सांगून टाकावं.

मी शुभांगी, भागीची वहिनी. माझं माहेर नगरचं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं. लग्न ठरलं तेव्हा आई काळजीत पडली होती. "अगं, शिंगणापुरात घरांना दारं नसतात म्हणे." मी म्हटलं, "भिंती असतात ना? मग झालं." लग्नाआधी माणूस काहीही बोलतं. इथे आले आणि बघते तर न्हाणीलासुद्धा पडदा. सुरुवातीला कित्येक दिवस मी एका हातानं पडद्याचं टोक धरून आणि दुसऱ्या हातानं तांब्या ओतून अंघोळ केली. घरात सगळे मला हसायचे. सगळ्यात जास्त हसायची ती भागी, तेव्हा शाळेत होती.

आमच्याकडे दाराच्या जागी नुसती लाकडी चौकट असते. गावाला शनिदेवाची राखण आहे, इथे चोरी होत नाही, आणि कुणी केलीच तर चोराला गावाची शीव ओलांडता येत नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. रात्री कुत्री आत शिरू नयेत म्हणून चौकटीला एक फळी आडवी टेकवायची, एवढाच काय तो बंदोबस्त. घरचं माणूस सरळ आत येतं. शेजारी खाकरून येतो. चौकटीवर टकटक करतो तो बाहेरगावचा भाविक, त्याला पाणी तरी हवं असतं नाहीतर मोबाईल चार्ज करायचा असतो.

माझे सासरे जालिंदर, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. देवळाच्या रस्त्याला त्यांचं दुकान आहे. तेल, रुईच्या पानांच्या माळा, काळं कापड, घोड्याचा नाल. सासूबाई भागी लहान असतानाच गेल्या. तिची वेणी अण्णांनी घातली, तिच्या परकराला नाडी अण्णांनी ओवली, आणि स्वतःच्या आईचं नाव ठेवलं म्हणून लाडानं तिला अहोजाहो करायचे. "भागिरथीबाई, जेवून घ्या," असं म्हणायचे. माझे मालक गहिनीनाथ हा थोरला मुलगा, पण घरात वजन धाकटीचं. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं आणि मी तिच्याशी भांडायचा विचार सोडून दिला.

बारावीनंतर भागी नगरला कॉलेजात गेली. राहायची माझ्या माहेरी. तिथे तिला नाटकाचं वेड लागलं. वेड म्हणजे साधं नव्हे. आईनं तिला दूध आणायला पाठवलं तर ही रस्त्यात भांडणाऱ्या बायका बघत उभी राहायची आणि घरी येऊन दोन्ही बाजूंनी भांडून दाखवायची. दूध नासलं तरी आई हसायची. शेवटी शहरातल्या एका हौशी मंडळानं तिला राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात घेतलं, आणि तेही मुख्य कामाला. दिग्दर्शक महेंद्र सर फार कडक.

भागी मला म्हणाली, "वहिनी, माझ्या दोनच इच्छा हायेत. स्टेजवर काम करायचं आणि पयल्या रांगेत अण्णांनी बसायचं. बाकी देवाकडं काय मागनार न्हाई."

नाटकात एक विधवा बाई होती. दीर जमीन बळकावायला टपलेला. ती बाहेरून धावत येते, दार लोटते, कडी घालते आणि दाराला पाठ लावून आपल्या मनातलं सगळं बोलते. बाहेरून दीर दार बडवतोय, आतून ही बोलतेय. सगळा खेळ त्या कडीवर होता. आणि आमच्या भागीला कडी घालायची सवयच नव्हती. तालमीत ती धावत यायची ती थेट मध्यभागी. महेंद्र सर ओरडायचे, "दार! दार!" मग मी माहेरी गेले की तिच्याकडून सराव करून घ्यायची. आत ये, दार लोट, कडी घाल, पाठ लाव. आईच्या घराचं दार त्या महिन्यात इतकं आपटलं की शेजाऱ्यांना वाटलं आमच्यात वाटण्या चालू आहेत. हळूहळू तिला जमलं. झोपेतून उठवलं तरी कडी घालील इतकं जमलं.

स्पर्धेच्या दिवशी अण्णा आले. दुकान बंद ठेवून, कडक इस्त्रीचं धोतर नेसून, गावातल्या चार शहाण्या माणसांना बरोबर घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले. आतून भागीनं त्यांना बघितलं. तिचा चेहरा असा काही उजळला की मेकअप करणारी बाई म्हणाली, आता रंग लावायची गरजच नाही.

नाटक सुरू झालं. भागी असं काम करत होती की माझ्या अंगावर काटा आला. ती आमची भागी राहिलीच नव्हती, खरीखुरी त्रासलेली विधवा झाली होती. मग तो प्रसंग आला. ती धावत आली आणि थेट मध्यभागी जाऊन बोलायला लागली. बोलणं तर असं की पुढच्या रांगेतल्या माणसांचे डोळे पाणावले. पण मागे दार सताड उघडं. आणि दारात तो दीर, बडवायला उचललेला हात हवेत धरून उभा. बिचाऱ्यानं काय करावं? त्यानं चौकटीवर मूठ आपटली आणि ठरल्याप्रमाणे ओरडला, "वहिनी, दार उघडा!"

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "उघडंच हाय की, ये आत!"

सभागृह हसून लोटपोट झालं. भागीला कळेना काय झालं. तिनं वळून बघितलं, दार बघितलं, आणि तिच्या तोंडातले शब्दच गेले. पडदा पाडावा लागला. मंडळातलं कुणीतरी तेवढ्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "शिंगणापूरची आहे ती, तिला दार काय माहीत!" पुन्हा हशा. पहिल्या रांगेत अण्णा मान खाली घालून बसले होते. बरोबरची चार शहाणी माणसं छताकडे बघत होती.

मी आत गेले तेव्हा भागी एका पेटीवर बसली होती. मी चिडून विचारलं, "अगं, एवढा सराव केला, झालं काय तुला?"

ती म्हणाली, "वहिनी, मला खरंच घरी आल्यासारखं वाटलं. आपल्या घरी आल्यावर दार कोन लावतं?"

मला तेव्हा राग आला होता, पण हे वाक्य मी विसरू शकले नाही. वाईट अभिनय करणारी मुलगी कडी आठवणीनं घालते. हिनं इतकं मनापासून काम केलं की तिथेच फसली. हे त्या महेंद्र सरांना कोण समजावणार? ते म्हणाले, "दार लावता येत नाही आणि म्हणे नटी व्हायचंय!" आणि भागीचं नाव मंडळातून गेलं.

अण्णांना पोरीचं चुकलं याचं काही नव्हतं. त्यांना लागलं ते वेगळंच. लोक गावाला हसले, गावाच्या श्रद्धेला हसले, आणि ते आपल्या पोरीपायी, असं त्यांच्या मनानं घेतलं. घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी श्रीगोंद्याच्या एका कारखान्यातल्या नोकरदार मुलाचं स्थळ आणलं. भागी म्हणाली, "मला पुन्याला जायचंय. तिथं नाटक शिकवत्यात."

"अजून हसं करायचं ऱ्हायलंय व्हय?"

"अण्णा, एकदा चुकलं. पुन्ना न्हाई चुकनार."

अण्णा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. "पुन्ना त्या स्टेजवर पाय ठेवलास तर या घराचं दार तुला बंद!"

आणि माझी जीभ, ती कधी माझ्या ताब्यात होती? मी म्हणून गेले, "अण्णा, कुठलं दार?"

मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की आता मलाच माहेरी पाठवतात की काय. अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. भागी आधी हसली आणि मग ओक्साबोक्शी रडली. रडता रडता बॅग भरली. निघताना चौकटीच्या बाहेर उभी राहून मला म्हणाली, "वहिनी, आता अण्णा सोता बोलावतील तवाच ही चौकट वलांडीन." अण्णा आत पाठ करून रुईच्या माळा ओवत बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण त्यांच्या हातातलं पान फाटलं. खाण तशी माती, दुसरं काय.

मग भागीचं पुणं सुरू झालं. लोकांना वाटतं, पुण्याला गेली आणि नटी झाली. कसली नटी? बालनाट्यात ती झाड झाली, मग अस्वल झाली, मग पुन्हा झाड. मोठ्या नाटकात मागच्या घोळक्यात उभी राहिली. दिवसा एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायची आणि संध्याकाळी तालमीला पळायची. बदली नटी म्हणून कित्येक भूमिका पाठ करून बसायची, आणि मुख्य नट्या मेल्या कधी आजारी पडायच्या नाहीत. एकदाच एकीला ताप आला तर त्या दिवशी नाट्यगृहाची वीज गेली आणि प्रयोगच रद्द. हे तिनं मला फोनवर हसत हसत सांगितलं. फोन ठेवून मीच रडले.

आणि खरी गंमत पुढेच. मालिकांमध्ये तिला काम मिळायला लागलं ते कामवालीचं. बेल वाजली की जायचं, दार उघडायचं, आतल्या खोलीच्या दारावर टकटक करायची आणि म्हणायचं, "बाईसाहेब, पाहुणे आलेत." पाहुणे गेले की दार लावायचं. बास. बाईसाहेब बदलल्या, बंगले बदलले, भागीचं दार काही बदललं नाही. दार लावता येत नाही म्हणून हाकललेल्या पोरीला जन्मभर दारावर उभी केली. देवाला विनोद करायचा असला तरी एवढा करू नये. मी चिडले की ती म्हणायची, "असू दे गं वहिनी. आता मी अशी टकटक करते, अशी कडी घालते, महेंद्र सरांनी बघायला पायजे."

दिवाळीला ती नगरला माझ्या आईकडे यायची. मी, मालक, मुलं तिथे जाऊन तिला भेटायचो. तिथून शिंगणापूर तासाभराच्या वाटेवर, पण ती घोडेगावच्या फाट्याच्या पुढे कधी आली नाही. आणि अण्णा? त्यांना विचारलं की म्हणायचे, "तिनं यावं की. मी आडवलंय का? दार हाय का मधी?" दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मधे माझा जीव टांगणीला.

आता फळीचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. भागी गेली त्या दिवसापासून अण्णा रात्री चौकटीला फळी राहू देईनात. मालक फळी टेकवून झोपायचे. अण्णा खाटेवर पडून राहायचे. सगळं सामसूम झालं की उठायचे, जवळ जाऊन एकदा खाकरायचे आणि झोपलेल्या लेकराला उचलावं तशी ती फळी उचलून भिंतीला लावायचे. मग चौकटीपाशी बसायचे, डाव्या हाताचा पंजा चौकटीवर टेकवून. विचारलं तर म्हणायचे, "वारा लागत न्हाई." पौषातल्या थंडीत वारा हवा होता त्यांना! मी काय एवढी बावळट? मला कळत होतं. पण घरात कुत्री शिरायची ना. एकदा तर टोपलीतल्या सगळ्या भाकऱ्या घेऊन गेली.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी भागीला फोन लावला. "तुझ्या बापानं उभ्या गावातली कुत्री पोसायला घेतलीत," इथपासून सुरुवात करून मी सगळं सांगून टाकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "फळी कशी उचलतात?"

"म्हणजे कशी? हातानं."

"दोन्ही हातानं? आवाज होतो का? हात चौकटीवर कसा ठेवतात, पालथा का धरल्यासारखा?"

मी म्हटलं, ही बाई बापासाठी रडतेय की फळीची चौकशी करतेय? पण तिनं खोदून खोदून विचारलं आणि मी जे बघितलं होतं ते सगळं सांगितलं. शेवटी "वहिनी, हे कुनाला सांगू नकोस," म्हणाली.

पुढे तिला दिशा भेटली. दिशा श्रीगोंद्याची, भागीपेक्षा खूप लहान, पहिलाच पिक्चर करणारी. गोष्ट अशी की मुलगी आईच्या मनाविरुद्ध लग्न करून जाते आणि आई मागे राहते. आईचं काम दोनच प्रसंगांचं. शूटिंग पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात, राळेगणच्या अलीकडे. दिशानं लिहिलं होतं की मुलगी गेल्यावर आई धाडकन दार लावते आणि कडीला डोकं टेकून रडते. भागीनं ते तसं करून दाखवलं. चांगलं केलं, दिशा खूश झाली. पण भागी म्हणाली, "दिशा, एकदा मला माझ्या पद्धतीनं करू दे. न्हाई आवडलं तर टाकून दे."

त्या दिवशी संध्याकाळी तिचा मला फोन आला. "वहिनी, मी एक वस्तू न विचारता घेतली."

"कुणाची? परत देऊन टाक," मी म्हटलं.

"आता देता येत न्हाई. पिक्चर आला की तुला कळंल."

तो एक प्रसंग बघून दिशानं आईचं काम वाढवलं. शेवटी पिक्चर आईचाच झाला. पोस्टरवर भागीचा चेहरा, खाली मोठ्या अक्षरात भागिरथी. पेपरात फोटो आले, पुरस्कार मिळाला, मोठ्या मोठ्या लोकांचे फोन आले. चाळिशी ओलांडलेल्या बाईला लोक 'नवा चेहरा' म्हणायला लागले. मी तिला विचारलं, "आता तरी खूश?" ती म्हणाली, "खूश हाय गं. पन मला टाळी समोर ऐकायची हुती. पडद्यावरच्या मानसाला टाळी ऐकू येत न्हाई." आणि लगेच, "अण्णांनी बघितला का?"

अण्णांनी बघितला नव्हता. नगरला लागलाय म्हटल्यावर म्हणाले, "मला कशाला? तुमी जा." आम्ही निघालो तर हे टोपी घालून जीपपाशी उभे. "तेल आनायला जायचंच हाय नगरला," म्हणाले. तेलाचा टेम्पो दर आठवड्याला घरपोच येतो, पण मी त्या दिवशी जिभेला आवर घातला.

थिएटरात मी अण्णांच्या शेजारी बसले. पडद्यावर भागी आली तेव्हा ते इतके ताठ बसले होते की जणू त्यांचाच फोटो काढतायत. मग तो प्रसंग आला. मुलगी गेलेली. आई दार लावते, कडी घालते, अंथरुणावर पडते. थोड्या वेळानं उठते. दाराजवळ जाते. एकदा खाकरते. झोपलेल्या लेकराला उचलावं तशी ती कडी हळूच काढते. दार उघडं करते आणि चौकटीपाशी बसते, डाव्या हाताचा पंजा चौकटीवर टेकवून. बोलणं नाही, संगीत नाही. बाहेर फक्त एक कुत्रं चालत येतं आणि आई त्याला हाकलत नाही.

न विचारता घेतलेली वस्तू ही होती. मागे बायका मुसमुसत होत्या. मी घाबरत घाबरत शेजारी बघितलं. अण्णांचा डावा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होता, अगदी तसाच. त्यांना ते कळलं आणि त्यांनी तो पटकन खाली घेतला. पिक्चर संपला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अण्णा बसूनच होते, पण टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही. "ऐकू दे जरा," म्हणाले.

परतताना जीपमध्ये मी अण्णांच्या पाठीकडे बघत बसले. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट पोरीनं चव्हाट्यावर मांडली, आता हा माणूस काय करतो याची मला भीती. घोडेगावचा फाटा आला तेव्हा अण्णा पुढे बघतच म्हणाले, "शुभांगी, हे तिला कुनी सांगितलं?"

"कुत्र्यानं सांगितलं असेल," मी म्हटलं. मालकांनी कपाळावर हात मारला.

अण्णा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. घर आल्यावर उतरताना म्हणाले, "तिला फोन लाव. म्हनावं, माझं जे घेतलंय ते घेऊन हितं ये."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. भागीनं विचारलं, "रागावलेत का?" मी म्हटलं, ते तूच येऊन बघ. ती म्हणाली, "बोलावलंय तर येते. ओरडले तर ओरडू दे. निदान समोर ओरडतील."

मंगळवारी दुपारी ती आली. देवळाच्या रस्त्यावर लोकांनी ओळखलं, फोटो काढले, तिथून कशीबशी सुटून घरापाशी पोचली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. केसांत रुपेरी छटा, अंगावर साधी सुती साडी. चौकटीबाहेर येऊन ती थांबली. पाय उचलला, परत ठेवला. आणि तिनं काय केलं, तर बोटाची पेरं वळवून चौकटीवर टकटक केली. इतकी वर्षं दारांवर उभी राहून तिला तीच सवय लागली होती.

अण्णा आत पाठमोरे माळा ओवत होते. न वळताच म्हणाले, "दुकान म्होरं हाय बाबा, घरात काय मिळत न्हाई."

"अण्णा."

त्यांचे हात थांबले. वळायला त्यांना वेळ लागला. "भागिरथीबाई," ते म्हणाले, "आपल्या घरात कुनी ठोकून येतं का?"

"तुमी बंद केलं हुतं, अण्णा."

"मी एकदा बंद केलं," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "अन् रोज उघडलं. बघितलंस की तू. साऱ्या मुलखाला दावलंस."

भागी चौकट धरून उभी. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पाय हलत नाही. "चुकलं माझं, अण्णा. इचारायला पायजे हुतं."

"चुकलं तर चुकलंच. शिंगणापुरात ऱ्हानाऱ्या मानसाच्या घरातली वस्तू न इचारता घ्यायची म्हंजे काय? चोरीच ती." अण्णा उठले, काठी न घेता चौकटीपर्यंत गेले आणि त्यांनी तिचा हात धरला. "अन् हितं चोरी केली की शीव वलांडता येत न्हाई. ठावं हाय न्हवं? आता ऱ्हा गुमान घरात."

असं म्हणून त्यांनी तिला आत ओढली. मग दोघं बापलेक जे रडले ते मी सांगत नाही. मी तरी कुठे कोरडी होते?

चहा झाला. अण्णांनी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून विचारलं, "नाटक सोडलंस का आता?"

"कोन देतंय? मिळालं तर आजबी करीन," भागी म्हणाली.

"नगरला असलं की सांग. पयल्या रांगेत बसतो." आणि बशी तोंडाला लावता लावता म्हणाले, "दाराचं तेवढं ध्यानात ठीव."

भागी इतकी हसली की चहा तिच्या साडीवर सांडला. त्या संध्याकाळी मालक नेहमीसारखे फळी लावायला उठले तर अण्णांनी त्यांना बसवलं. स्वतः गेले, दोन्ही हातांनी फळी उचलली, चौकटीला नीट टेकवली, हलवून बघितली आणि खाटेवर येऊन झोपले. सकाळपर्यंत ती कुणी काढली नाही. बाहेर रोज आत शिरायला सोकावलेलं कुत्रं बराच वेळ केकाटत होतं. भागीनं त्याच्यासाठी ठेवलेली अर्धी भाकरी मी फळीवरून टाकली.